सुभद्राकुमारी चौहान : मंदीच्या काळातील एक संसार आणि एक लेखणी

झाशीच्या राणीवरील हिंदी कवितेने सुभद्राकुमारी चौहान यांचे नाव देशभर पोहोचवले. ती कविता शाळाशाळांतून पाठ केली जाते. मात्र १९३० नंतरच्या जागतिक मंदीच्या वर्षांत ही कवयित्री कथालेखनाकडे वळली आणि त्यामागे घरखर्चाची निकड हेही एक कारण होते, याची माहिती महाराष्ट्रातील वाचकांना फारशी नाही. जबलपूरमधील त्यांचा संसार आणि त्या वर्षांत त्यांनी लिहिलेल्या कथा यांतून त्या काळातील सामान्य मध्यमवर्गीय घराचे चित्र उभे राहते.

सुभद्राकुमारी यांचा जन्म १६ ऑगस्ट १९०४ रोजी अलाहाबादजवळील निहालपूर या गावी झाला. वडील ठाकूर रामनाथसिंह हे जमीनदार होते. वयाच्या नवव्या वर्षी, म्हणजे १९१३ मध्ये, त्यांची कडुनिंबाच्या झाडावरील कविता 'मर्यादा' या मासिकात प्रसिद्ध झाली. अलाहाबादच्या क्रॉस्थवेट मुलींच्या शाळेत महादेवी वर्मा त्यांच्या दोन इयत्ता मागे होत्या. महादेवी गणिताच्या वहीत लपूनछपून कविता लिहीत. ती वही सुभद्राकुमारींनी शोधून काढली आणि मैत्रिणींना दाखवली. तेव्हा जडलेली ही मैत्री अखेरपर्यंत टिकली. पुढे महादेवींनी लिहिलेल्या आठवणींमुळेच सुभद्राकुमारींच्या घरातील अनेक प्रसंग आज आपल्याला ठाऊक आहेत.

१९१९ मध्ये खंडव्याचे ठाकूर लक्ष्मणसिंह चौहान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. लक्ष्मणसिंह नाटककार होते. वेठबिगार म्हणून परदेशी पाठवल्या जाणाऱ्या मजुरांच्या प्रश्नावरील त्यांचे नाटक सरकारने जप्त केले होते. विवाहानंतर थोड्याच काळात महात्मा गांधींची असहकार चळवळ सुरू झाली. सुभद्राकुमारींनी शिक्षण सोडले आणि पतीसह त्या जबलपूरला आल्या.

मराठी संपादकाची परंपरा

जबलपूरला येण्यास निमित्त ठरले 'कर्मवीर' हे साप्ताहिक. जानेवारी १९२० मध्ये ते जबलपूर येथून निघू लागले. माखनलाल चतुर्वेदी त्याचे संपादक होते आणि लक्ष्मणसिंह त्यांच्यासोबत काम करू लागले. या पत्रामागे माधवराव सप्रे यांची मोठी प्रेरणा होती. दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे जन्मलेले सप्रे मराठी भाषक होते आणि त्यांचे काही शिक्षण जबलपूरमध्ये झाले होते. लोकमान्य टिळकांच्या 'केसरी'चे विचार हिंदी वाचकांपर्यंत पोहोचावेत यासाठी त्यांनी १९०७ मध्ये नागपूरहून 'हिंदी केसरी' सुरू केला होता. पुण्यात रुजलेली राष्ट्रीय पत्रकारिता नागपूरमार्गे जबलपूरला पोहोचली ती अशा माणसांमुळे.

त्या वेळी जबलपूर, नागपूर आणि वऱ्हाड हे एकाच प्रांतात होते. मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी नागपूर होती. त्यामुळे सुभद्राकुमारींच्या सार्वजनिक जीवनाचे अनेक महत्त्वाचे टप्पे नागपूरशी जोडलेले आहेत. मार्च १९२३ मध्ये जबलपूरच्या टाऊन हॉलवर राष्ट्रीय ध्वज फडकवण्यात आला. त्यानंतर या सत्याग्रहाचे केंद्र नागपूरला हलले. नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात अटक झालेल्या पहिल्या महिला म्हणून सुभद्राकुमारींची नोंद केली जाते. त्या वेळी त्या अवघ्या १८ वर्षांच्या होत्या.

स्वस्ताई आली, पैसा गेला

१९२९ च्या ऑक्टोबर महिन्यात न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला. त्याचे पडसाद काही महिन्यांतच भारतातील धान्यबाजारांत उमटले. १९१४ मधील पातळी १०० धरली, तर कलकत्त्यातील घाऊक किंमतींचा निर्देशांक १९२९ मध्ये १४१ होता. १९३१ मध्ये तो ९६ वर आणि १९३३ मध्ये ८७ वर उतरला. शेतमालाचे भाव त्याहूनही वेगाने घसरले.

जबलपूरच्या आसपासचा नर्मदा खोऱ्यातील प्रदेश गव्हासाठी प्रसिद्ध होता. पावसाळ्यात बांध घालून शेतात पाणी साठवायचे आणि ते काढून दिल्यावर गहू पेरायचा, अशी तेथील पद्धत होती. भाव पडल्यावर या शेतकऱ्याच्या हाती येणारी रक्कम निम्म्याच्या आसपास आली. सरकारी शेतसारा आणि सावकाराचे व्याज मात्र रोख रकमेत ठरलेले होते. सारा भरण्यासाठी पूर्वीच्या दुप्पट धान्य विकावे लागे. ज्यांच्याजवळ विकण्याजोगे काही उरले नाही त्यांनी घरातील दागिने मोडले. सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने सुवर्णमान सोडल्यानंतर सोन्याचा भाव वाढला आणि भारतीय घरांतील सोने मोठ्या प्रमाणावर परदेशी जाऊ लागले.

शहरातील चित्र वेगळे होते. जबलपूरची लोकसंख्या तेव्हा सव्वा लाखाच्या घरात होती. रेल्वे, तोफगाड्यांचा सरकारी कारखाना, कचेऱ्या आणि विडी उद्योग यांवर शहर चालत होते. ज्याला दरमहा ठरलेला पगार मिळत होता, त्याला धान्याची स्वस्ताई सोयीची ठरली. अर्थात १९३१ च्या अखेरीस सरकारी नोकरांच्या पगारातही १० टक्के कपात झाली. परंतु वकील, छोटे व्यापारी, छापखानेवाले आणि पत्रकार यांचे उत्पन्न ठरलेले नव्हते. गावाकडून येणारा पैसाच आटला, तेव्हा त्यांच्याकडे येणारी कामेही कमी झाली. बाजारात गहू स्वस्त होता, पण तो घेण्यासाठी खिशात नाणे असावे लागत होते.

काही वस्तू तर या स्वस्ताईतही महागल्या. मिठावरील कर मणामागे सव्वा रुपया होता. १९३१ मध्ये त्यावर २५ टक्के अधिभार बसला. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये पोस्टकार्ड अर्ध्या आण्यावरून पाऊण आण्यावर गेले आणि पाकिटाचा दर एका आण्यावरून सव्वा आणा झाला. संपादकांना लेख पाठवणाऱ्या आणि तुरुंगातील आप्तांना पत्रे लिहिणाऱ्या घरांना हा खर्च टाळता येण्यासारखा नव्हता.

चौहान दांपत्याचे घर याच वर्गातील होते. लक्ष्मणसिंह यांनी कायद्याचे शिक्षण घेतले होते, परंतु त्यांचा बराचसा काळ चळवळीत आणि तुरुंगात गेला. पुढे घरात पाच मुले झाली. नियमित मिळकत नव्हती आणि कार्यकर्त्यांची ये-जा मात्र सतत चालू होती. मुलांना दूध मिळणेही कठीण होई. महादेवी वर्मांनी या परिस्थितीची तुलना द्रोणाचार्यांच्या घराशी केली आहे. दुधासाठी हट्ट धरणाऱ्या अश्वत्थाम्याची समजूत पांढऱ्या पाण्याने काढावी लागली होती, तसाच हा संसार होता.

सुभद्राकुमारींनी मात्र या ओढाताणीला हसतमुखाने तोंड दिले. त्यांचे घर लहान होते आणि त्याचे बांधकामही अर्धवट राहिले होते. तरीही त्या मर्यादित जागेत त्यांनी फुलझाडांचे वाफे केले होते. ऋतूनुसार भाजीपाला लावला होता. गाय आणि वासरेही होती. मंदीच्या काळात अनेक मध्यमवर्गीय घरांना अशा परसबागेने आणि गोठ्याने हात दिला.

कवितेला मानधन नव्हते

१९३० मध्ये 'मुकुल' हा सुभद्राकुमारींचा पहिला कवितासंग्रह प्रसिद्ध झाला. १९३१ मध्ये त्याला हिंदी साहित्य संमेलनाचा सेकसरिया पुरस्कार मिळाला. झाशीच्या राणीवरील कविताही याच संग्रहात आहे. बुंदेलखंडातील लोकगायकांच्या तोंडी असलेली राणीची कथा त्यांनी सोप्या, ठेकेदार भाषेत मांडली. मूळच्या तांबे घराण्यातील आणि नेवाळकरांच्या घरी आलेल्या मराठी राणीची गाथा हिंदी भाषकांच्या ओठी रुळली ती या कवितेमुळे.

कीर्ती मिळाली, परंतु त्या काळी हिंदी मासिकांत कवितेसाठी मानधन देण्याची पद्धत नव्हती. संपादक गद्य मागत आणि त्यासाठी पैसे देत. सुभद्राकुमारी कथालेखनाकडे वळल्या त्यामागे हे व्यावहारिक कारण होते. केवळ पैशासाठी त्यांनी लिहिले असे मात्र म्हणता येणार नाही. स्त्रियांच्या वाट्याला येणारे अपमान, घरातील संशय आणि समाजातील अन्याय यांविषयी त्यांना जे सांगायचे होते, ते कवितेपेक्षा कथेत अधिक मोकळेपणाने सांगता येत होते. गरज आणि इच्छा या दोहोंचा येथे मेळ बसला.

१९३२ मध्ये १५ कथांचा 'बिखरे मोती' हा संग्रह आला. त्यालाही सेकसरिया पुरस्कार मिळाला. १९३४ मध्ये 'उन्मादिनी' हा दुसरा कथासंग्रह प्रसिद्ध झाला. मंदीची सर्वांत कठीण वर्षे हीच होती.

'बिखरे मोती'मधील 'पापी पेट' ही कथा त्या काळाचा जणू दस्तऐवज आहे. सभेवर लाठीमार होतो. लाठी चालवणारे आणि हुकूम देणारे हिंदी अधिकारी आपापल्या घरी परततात. निःशस्त्र माणसांवर हात उचलल्याचा सल त्यांना स्वस्थ बसू देत नाही. नोकरी सोडावी असे त्यांना वाटते, पण डोळ्यांसमोर बायकामुले येतात आणि विचार तेथेच थांबतो. ज्या काळात हातची नोकरी गेली तर दुसरी मिळण्याची आशा नव्हती, त्या काळात ही कथा लिहिली गेली, हे लक्षात घेतले की तिच्या शीर्षकाचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. विशेष म्हणजे स्वतः सत्याग्रही असलेल्या लेखिकेने समोरच्या बाजूच्या माणसाकडेही कठोरपणे न पाहता समजुतीने पाहिले आहे.

'कदंब के फूल' या कथेत पानात बांधून आणलेली कदंबाची फुले सासूला लाडू वाटतात. सून चोरून गोडधोड मागवून खाते, असा तिचा समज होतो आणि त्यावरून घरात मोठा कलह माजतो. खाण्याच्या एका जिन्नसावरून सुनेची पारख करणाऱ्या घरातील ताण या छोट्याशा प्रसंगातून दिसतो. 'होळी' या कथेत सणाच्या दिवशी जुगारी पतीची वाट पाहणारी पत्नी आहे. 'अमराई'मध्ये राखीच्या सणासाठी आंबराईत जमलेल्या निष्पाप लोकांवर पोलिसांच्या लाठ्या पडतात. या कथांमधील घटना छोट्या आहेत, परंतु घरातील पैसा, मान आणि भीती यांचे धागे त्यांत एकमेकांत गुंतलेले आहेत.

बातम्या आणि करमणूक

१९३० च्या एप्रिलमध्ये दांडीयात्रेपाठोपाठ जबलपूरमध्येही शेठ गोविंददास आणि द्वारकाप्रसाद मिश्र यांच्या नेतृत्वाखाली मिठाचा सत्याग्रह झाला. मध्य प्रांतात समुद्र नाही. त्यामुळे येथील गावागावांत जंगल सत्याग्रहाने जोर धरला. त्याच महिन्याच्या अखेरीस सरकारने वृत्तपत्रांकडून जामीन मागण्याचा अधिकार देणारा वटहुकूम काढला. अनेक पत्रांना एकतर भरमसाट रक्कम भरावी लागली किंवा प्रकाशन थांबवावे लागले. 'कर्मवीर' तोपर्यंत खंडव्याला गेला होता. माखनलाल चतुर्वेदी यांना तुरुंगवास झाला आणि जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी केलेली कविता पुढे गाजली. १९३२ मध्ये सुभाषचंद्र बोस यांनाही काही काळ याच तुरुंगात ठेवण्यात आले होते. छापील बातम्या कमी झाल्या की सभा, प्रभातफेऱ्या आणि रेल्वेने येणारे प्रवासी हेच बातमीचे साधन ठरे.

करमणुकीचे जगही याच काळात बदलत होते. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट प्रदर्शित झाला. १९३२ मध्ये कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने 'अयोध्येचा राजा' मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत काढला. मूकपटांसोबत वाद्ये वाजवणाऱ्या कलावंतांचे आणि नाटक मंडळ्यांचे दिवस त्यामुळे फिरले. मध्य प्रांतात तेव्हा नभोवाणी केंद्र नव्हते. नागपूरचे केंद्र १९४८ मध्ये सुरू झाले. सामान्य माणसाला परवडणारी करमणूक म्हणजे रामलीला, भजने, जत्रा आणि कविसंमेलने. कविसंमेलनांत सुभद्राकुमारींच्या कविता श्रोते आवडीने ऐकत.

मुलांचे खेळही काळाबरोबर बदलले होते. सुभद्राकुमारींच्या 'सभा का खेल' या बालकवितेत मुले बाहुल्यांऐवजी सभेचा खेळ मांडतात. कोणी गांधी होते, कोणी नेहरू, तर कोणी सरोजिनी नायडू. महागडी खेळणी नसलेल्या घरात रोज कानावर पडणाऱ्या बातम्याच मुलांची खेळणी बनल्या होत्या.

तुरुंगातील तूरडाळ

१९३७ च्या निवडणुकीत सुभद्राकुमारी मध्य प्रांत व वऱ्हाडच्या विधानसभेवर निवडून आल्या. ११२ सदस्यांच्या या सभागृहात स्त्रियांसाठी केवळ तीन जागा राखीव होत्या. मार्च १९३९ मध्ये जबलपूरजवळ नर्मदाकाठी त्रिपुरी येथे काँग्रेसचे ऐतिहासिक अधिवेशन भरले. त्याच वर्षाच्या अखेरीस, महायुद्धाच्या प्रश्नावरून, प्रांतांतील काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले.

वैयक्तिक सत्याग्रह आणि त्यानंतर १९४२ चे आंदोलन यांत सुभद्राकुमारींना पुन्हा तुरुंगवास घडला. धाकट्या मुलीला त्यांना सोबत न्यावे लागले. तुरुंगात सत्याग्रहींचे वर्ग पाडलेले होते. सधन घरांतील सत्याग्रही मातांच्या मुलांसाठी बाहेरून सुकामेवा आणि मिठाई येत असे. सुभद्राकुमारींच्या घरून असे काही येण्याची शक्यता नव्हती. एकदा मुलगी भुकेने रडू लागली. तेव्हा तूर भरडणाऱ्या स्त्री कैद्यांकडून त्यांनी थोडी डाळ मागून घेतली, तव्यावर भाजली आणि मुलीला खाऊ घातली. मंदीची वर्षे सरली होती, तरी या घराची ओढाताण सरली नव्हती. देशसेवेची किंमत पतीपत्नींनी स्वखुशीने मोजली. मुलांच्या वाट्याला मात्र ती न विचारता आली. ही जाणीव सुभद्राकुमारींना नव्हती असे त्यांचे लेखन वाचून वाटत नाही. त्यांच्या कितीतरी कविता आणि कथा मुलांभोवतीच फिरतात.

घरातही त्यांनी आपले विचार आचरणात आणले. मोठी मुलगी सुधा हिचा विवाह प्रेमचंद यांचे पुत्र अमृतराय यांच्याशी झाला. हा विवाह आंतरजातीय होता. माणसाने माणसाचे दान करणे त्यांना मान्य नव्हते, म्हणून त्यांनी कन्यादानाचा विधी करण्यास नकार दिला. सुधा चौहान यांनी पुढे आईवडिलांचे चरित्र लिहिले. ते या कुटुंबाच्या इतिहासाचे महत्त्वाचे साधन आहे.

अखेरचा प्रवास

फेब्रुवारी १९४८ मध्ये महात्मा गांधींच्या अस्थींचे नर्मदेत विसर्जन झाले. सधन घरांतील स्त्रिया मोटारींतून घाटावर गेल्या. सुभद्राकुमारी मात्र दलित वस्त्यांतील स्त्रियांच्या मिरवणुकीसोबत सुमारे सात मैल पायी चालत गेल्या. त्या स्त्रियांना समारंभात जागा मिळत नाही असे दिसताच त्यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला.

त्यानंतर काही दिवसांतच, शिक्षण खात्याच्या बैठकीसाठी त्या नागपूरला गेल्या होत्या. प्रकृती बरी नसल्याने डॉक्टरांनी रेल्वेऐवजी मोटारीने जाण्याचा सल्ला दिला होता. १५ फेब्रुवारी १९४८ रोजी जबलपूरला परतताना सिवनीजवळ रस्त्यावर कोंबडीची पिले आडवी आली. मोटार मुलगा चालवत होता. पिलांना वाचवण्यास त्यांनी त्याला सांगितले. मोटार वेगाने वळली आणि झाडावर आदळली. या अपघातात त्यांचे निधन झाले. त्यांचे वय ४३ वर्षे होते.

२७ नोव्हेंबर १९४९ रोजी जबलपूर नगरपालिकेच्या आवारात त्यांच्या पुतळ्याचे अनावरण बालमैत्रीण महादेवी वर्मा यांच्या हस्ते झाले. १९७६ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्यावर २५ पैशांचे तिकीट काढले. २००६ मध्ये तटरक्षक दलाच्या एका गस्ती नौकेला त्यांचे नाव देण्यात आले. हे सारे सन्मान प्रामुख्याने वीररसाच्या कवयित्रीचे आणि स्वातंत्र्यसैनिकाचे आहेत. मानधनाच्या गरजेतून सुरू झालेल्या त्यांच्या कथांकडे त्या मानाने दुर्लक्ष झाले. मंदीच्या वर्षांत गव्हाचा भाव किती उतरला, हे सरकारी अहवालांतून कळते. त्या वर्षांत घरातल्या बाईवर काय गुदरले आणि नोकरदाराने पोटासाठी काय सोसले, हे जाणून घेण्यासाठी मात्र जबलपूरच्या त्या अर्धवट बांधलेल्या घरातून बाहेर पडलेल्या या कथाच वाचाव्या लागतात.